चौऱ्याहत्तर तोफांचा उंबरठा

करवतीचे दोन दात पहिल्याच फेरीत गेले
तेव्हा गफूरभाईंनी मशीन बंद केलं
आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू खिळा मीच ठोकला होता.
"बाई, ह्यात तांबं आहे."
भवानी पेठ, टिंबर मार्केट, दुपारचे पावणेतीन.
भुश्श्यात निजलेलं मांजर उठून गेलं.

मला फ्लॅटसाठी उंबरठा हवा होता, इतकंच.
बिल्डर ग्रॅनाइट देत होता, काळा, चकचकीत.
मी म्हटलं, लाकडाचा. सागाचा. जुना असला तर उत्तम.
घोरपडीचं एक गोदाम पाडलं होतं, त्यातली ही तुळई.

तांबं म्हणजे अंगठ्याएवढा बोल्ट, हिरवा पडलेला,
डोक्यावर बाण कोरलेला, तीन रेघांचा.
बत्तीस वर्षं मी कारखान्यात ट्रेसर होते,
रेघ कुणाची ते मला कळतं.
ही सरकारी होती. गोऱ्यांच्या आरमाराची.

गोदामाच्या मालकीणबाई, होमाय दुबाश,
त्यांच्याकडं बिस्किटाच्या डब्यात लिलावाची पावती निघाली.
शिडाचं लढाऊ जहाज, तोफा चौऱ्याहत्तर, बांधणी मुंबई.
नाव वाळवीनं खाल्लेलं. शेवटचं 'न्स' तेवढं उरलं.
व्हिजिलन्स असेल, रेझिस्टन्स असेल,
पेशन्ससुद्धा असू शकेल.
बाकीचं मी जोडलं,
जिथं माहीत नाही तिथं तुटक रेघेनं.

मलबारातून ओंडके आले.
हुकूम गुजरातीत, शिव्या मराठीत, नकाशा इंग्रजीत,
असं तीन वर्षं ते गोदीत वाढत होतं.
पाण्यात उतरलं तेव्हा नारळ फुटला असणार.
केपला वळसा घालून विलायतेला पोचलं
तर लढाई संपलेली.
तोफांच्या तोंडात लाकडी बुचं.
डोलकाठ्या उतरवल्या, वर छप्पर घातलं,
आपण कडब्याच्या गंजीवर घालतो तसं,
आणि सोळा वर्षं चिखलाच्या खाडीत उभं केलं.

मग एकदा, एकदाच, कुठल्याशा बंदरावर
चाळीस मिनिटं तोफा.
पावतीच्या मागं पेन्सिलीनं लिहिलंय, आपले अकरा गेले.
त्यांचे किती, ते लिहिलेलं नाही.
इथं मी तुटक रेघही काढली नाही.

मग पटकीचा दवाखाना.
मग कोळशाचं कोठार, परत मुंबईत,
जन्मलेल्या गोदीच्या अगदी समोर,
आगबोटींना कोळसा वाढत.
मग हातोडा, एक वार, दोन वार, तीन वार.

फळ्या बोरघाट चढल्या बैलगाडीतून.
घोरपडीला पलटणीचा तबेला झाला
आणि जिथं खलाशी अनवाणी धावले
तिथं घोडे उभे राहिले, लीद टाकत, खूर आपटत.
पुढं रेशनचा गहू. पुढं टायर.
पुण्याला समुद्र नाही.
नदी आहे, तिचं न बोललेलं बरं.

गफूरभाईंनी करवतीचे साडेचारशे वेगळे लावले
आणि बोल्ट मात्र कागदात बांधून फुकट दिला.
सुतार म्हणाला, भोक बुजवून देतो.
मी म्हटलं, राहू दे.
समोरचे कुलथे रोज ठेचकाळतात,
"एवढा उंच कशाला हो?"
मी काय सांगणार? चहा घ्या म्हणते.

काल फरशी पुसताना बादली कलंडली.
पाणी हॉलभर पसरलं, दाराकडं निघालं,
उंबरठ्याशी आलं
आणि थांबलं.
भोकातून तेवढं झिरपायला लागलं, बाहेर, जिन्याकडं.
फडकं लांब होतं.
मी खाली बसले
आणि अंगठा लावून धरला.